भाजलेलं मीठ, चार दिवसांचं पाणी

लेण्याद्रीच्या डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला सात-आठ घरांची एक वस्ती दिसते. सारजाबाई तिथं राहत. वस्तीला नकाशात नाव नाही, पण जुन्नरच्या एसटीत "सारजाबाईचा स्टॉप" म्हटलं की कंडक्टर न विचारता बेल मारत असे. खरा थांबा अर्धा मैल पुढं होता. एकोणनव्वद साली डोक्यावर मेथीचं ओझं असताना सारजाबाईंनी ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभं राहून, हा अर्धा मैल कुणाच्या बापानं चालायचा, असं विचारलं होतं. प्रश्न बराच वेळ चालला. मागं दोन ट्रक आणि एक बैलगाडी अडकून पडली. दुसऱ्या दिवसापासून गाडी तिथं थांबू लागली. असा हुकूम कुठल्याही कागदावर नाही, आणि तो मागण्याचं धाडस पुढं कुणी केलं नाही.

त्यांचा राग हा नुसता स्वभाव नव्हता, वस्तीची ती सार्वजनिक सोय होती. रेशनच्या दुकानात रॉकेल संपलं की लोक सारजाबाईंना पुढं घालत आणि मग संपलेलं रॉकेल परत येई. शाळेचे गुरुजी आठवड्यातून तीनच दिवस येत तेव्हा सारजाबाई एकदाच शाळेत जाऊन आल्या आणि गुरुजींचा आठवडा सहा दिवसांचा झाला. काम झालं की हेच लोक घरी जाऊन म्हणत, "पर बाई लई तोंडाळ." रागीट बाईचा उपयोग संपला की तिचे दोष सुरू होतात. हा नियम लेण्याद्रीच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

त्यांचे यजमान सावळेराम मात्र बोलत नसत. बोलायला घरात जागा नव्हती म्हणून, असं लोक म्हणत. सारजाबाईंचं म्हणणं वेगळं होतं : "त्यांच्या वाट्याचं बी मलाच बोलावं लागतं. दोघांचं काम एकटीनं करती, तर आवाज मोठा व्हणारच." चौऱ्याण्णव साली सावळेरामांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. चार महिने सारजाबाईंनी त्यांना चमच्यानं पेज भरवली. अर्धी आत जाई, अर्धी ओठाच्या कोपऱ्यातून परत येई. मग ते गेले. जुन्नरच्या डॉक्टरांनी कागदावर बीपी असं लिहिलं होतं. वस्तीत तो शब्द तेव्हा पहिल्यांदा आला. बीपी म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो कशानं झाला, हे मात्र तेराव्याच्या पंगतीत सर्वांना ठाऊक होतं.

"बायकूच्या तोंडानं गेला बिचारा."

पंगतीला वाढणाऱ्या सारजाबाईंनी हे ऐकलं. हातातली आमटीची बादली त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि पुढच्या पानावर वाढली. एवढ्या मोठ्या आरोपाला त्यांनी उत्तर दिलं नाही असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. लोकांनी ती कबुली समजली.

आता विहिरीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या काठावर घडतं. सासऱ्यांनी खणलेली विहीर एकच आणि मुलगे दोन : थोरले सावळेराम, धाकटे धर्माजी. मोटारही एकच, पाच एचपीची. म्हाताऱ्यानं मरताना दोघांचे हात एकमेकांवर ठेवले आणि पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या. आठ दिवसांचा फेरा. पहिले चार दिवस थोरल्याचे, पुढचे चार धाकट्याचे. शेजारचे सयाजीमामा तेव्हा उशाशी बसले होते. कागद झाला नाही. कागदाची गरज चोरांना असते, असं म्हाताऱ्याचं मत होतं. आपल्या पोटी कोण जन्मलं आहे याचा माणसाला नेहमी शेवटी अंदाज येतोच असं नाही.

सारजाबाईंचा एक एकर कांदा त्या चार दिवसांवर उभा होता. मुलगा गेणू भोसरीत एका कारखान्यात मशिनवर. कांदा लावणं, दारं धरून वाफ्यांना पाणी देणं, खुरपणं, काढणं, सगळं बाईंचं.

नव्याण्णवच्या डिसेंबरात कांद्याची रोपं लावताना त्यांना चक्कर आली. वाफ्यातच बसल्या. धर्माजींनी त्यांना राजदूत मोटारसायकलवर मागं बसवून जुन्नरला नेलं. याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. त्यानंतर सव्वा वर्ष त्यांनी ते वसूल केले. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा बघितला आणि पुन्हा बघितला. एकशे नव्वद-एकशे दहा. मग त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. गोळी रोज घ्यायची. मीठ निम्म्यावर आणायचं. पापड, लोणचं, खारी मासळी बंद. आणि फार चिडचिड करायची नाही.

धर्माजी टोपी हातात घेऊन मागंच उभे होते. घरी आल्यावर माणसं जमली, काय झालं म्हणून विचारू लागली. धर्माजींनी घसा साफ केला.

"डॉक्टर म्हणले, वैनींनी चिडायचं न्हाई. चिडल्या की संपलं. दादासारखं व्हईल."

बाकीच्या तीन गोष्टी बहुधा कुकडीच्या पुलावर राजदूतवरून पडल्या असाव्यात.

मिठाचं सारजाबाईंच्या मात्र लक्षात होतं. त्यांनी जावेला, भागूबाईला विचारलं. भागूबाई वाईट बाई नव्हती. तिला सगळ्याच गोष्टींची माहिती होती, एवढाच तिचा दोष.

"त्यात काय आक्का? मीठ भाजून खावा. कच्चं मीठ बादतं, भाजलं की त्याचा जोर जातो. माझी आई धा वर्सं खात व्हती."

"तुजी आई गेली न्हवं गं मागल्या साली?"

"ती मिठानं न्हाई गेली. झोपेत गेली."

हा समज त्या पट्ट्यात घरोघर आहे. कच्चं मीठ म्हणजे वैरी, भाजलेलं मीठ म्हणजे औषध. मीठ तव्यावर टाकायचं, तडतडेपर्यंत हलवायचं, किंचित राखाडी झालं की डबीत भरायचं. विस्तवातून गेलेली वस्तू शुद्ध होते हे आपल्याकडे सीतेपासून मान्य आहे. सारजाबाई दर रविवारी तवाभर मीठ भाजू लागल्या. त्यातलं थोडं पत्र्याच्या डबीत घालून ती कनवटीला लावू लागल्या. निर्धोक वस्तू हात राखून कोण खातं? आधी आमटीत एक चिमूट पडत होती, आता दोन पडू लागल्या. भाकरीवर वरून, ताकात वरून, काकडीवर वरून. माहेर मढचं. भाऊ महिन्याला माळशेजच्या वाटेनं वर आलेला खारा बांगडा आणून देई. तो एकदा धुतला की त्यातलं मीठ गेलं, अशी दोन्ही घरची समजूत होती.

राहिली चौथी गोष्ट. ती त्यांनी मनापासून पाळायची ठरवली. लोकांना वाटलं, बाई नमली. तसं नव्हतं. त्या पेजेच्या चमच्याला घाबरल्या होत्या. आपलं तोंड वाकडं झालं तर पेज भरवायला घरात कुणी नाही, हा हिशेब त्यांनी वाफ्यात बसल्या-बसल्याच केला होता.

आणि अशा रीतीनं वस्तीचं आरोग्य सुधारलं. रेशनवाल्याचं रॉकेल पुन्हा संपू लागलं. गुरुजींचा आठवडा चार दिवसांवर आला. जानेवारीत धर्माजींनी टोमॅटो लावला. फेब्रुवारीत एका सकाळी सारजाबाई विहिरीवर गेल्या तर मोटार चालू होती आणि पाणी धर्माजींच्या पाइपातून चाललं होतं. दिवस सारजाबाईंचा चौथा.

"भाऊजी, आज माजी पाळी हाय."

"एक दिस, वैनी. टमाटू लई नाजूक असतो."

"आन् कांदा काय दगुड असतो?"

धर्माजींनी दोन्ही हात वर केले. चेहऱ्यावर खरी काळजी होती. "वैनी, बीपी."

झालं. त्या एका शब्दात तक्रारदार, वकील आणि न्यायाधीश तिघांचं तोंड बंद झालं. सारजाबाईंनी डोळे मिटले, दहा आकडे मोजले, रामाचं नाव घेतलं आणि घरी आल्या. घसा कोरडा पडला होता. त्यांनी ताक प्यायलं. वरून डबीतलं मीठ टाकलं.

तो एक दिवस परत आला नाही. चाराचे तीन झाले. मे महिन्यात धर्माजींनी गवताचा तुकडा लावला आणि तिनाचे दोन झाले. प्रत्येक वेळी तेच दोन शब्द. पुढं पुढं तर भागूबाईची कोंबडी अंगणात शिरली आणि सारजाबाईंनी तिला "हाड" म्हटलं, तरी कुंपणापलीकडून आवाज येई, "आक्का, बीपी!" गेणू भोसरीहून एसटीडीवरून फोन करायचा. फोन सयाजीमामांच्या घरी. मामा निम्मा फोन स्वतः ऐकत आणि उरलेला बाईंना देत.

"आई, शांत राहा. पाण्याचं मी बघतो दिवाळीला."

"दिवाळीपोतर कांदा थांबल का रं?"

"बघ, आवाज वाढला तुझा."

गणपतीला तो आला तेव्हा मनःशांतीची कॅसेट घेऊन आला. टेपमधला माणूस पुण्याच्या शुद्ध आवाजात सांगे, डोळे मिटा, एक नदी वाहते आहे असं बघा. सारजाबाईंनी डोळे मिटले. नदी दिसली. नदीवर मोटार दिसली. मोटारीजवळ धर्माजी दिसले. त्यांनी टेप बंद केला.

राग गेला. निदान बाहेर दिसणारा तरी गेला. सहा महिन्यांनी जुन्नरला जाऊन बीपी मोजला, तर तो एकशे शहाऐंशी. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुन्हा चार महिन्यांनी मोजला. एकशे ब्याण्णव. एखादा शास्त्रज्ञ असता तर म्हणाला असता, कारण काढून टाकलं तरी परिणाम तसाच आहे, म्हणजे कारण चुकलं. वस्तीत शास्त्रज्ञ नव्हता, धर्माजी होते.

"त्या मनातल्या मनात चिडतात," त्यांनी पारावर जाहीर केलं. "त्यो आतला राग जास्त वाईट."

हा शोध सगळ्यांना पटला. बोललं तर राग, गप्प बसलं तर आतला राग. सारजाबाई स्वतःसुद्धा ते खरं मानू लागल्या. रात्री अंथरुणावर पडून आपण आत कुठं चिडतो आहोत, ते शोधू लागल्या.

त्यात पायांना सूज आली. बोट दाबलं की खड्डा राहायचा. भागूबाईला याचीही माहिती होती. "पाणी चढलं आक्का अंगात. पाणी कमी प्या." सारजाबाईंनी पाणी दोन तांब्यांवर आणलं. तहान मात्र कमी होईना. जीभ टाळूला चिकटायची, मग डबीतली चिमूट घातलेलं अर्धं भांडं ताक. एका वर्षात त्यांच्या रानाचं पाणी निम्मं झालं आणि त्यांचं स्वतःचंही. दोन्ही ठिकाणी सल्लागार एकाच घरातले होते.

दोन हजार एकच्या मार्चमध्ये कांद्याच्या पाती टोकाकडून पिवळ्या पडल्या. चार दिवसांचं पाणी लागणारं पीक दोन दिवसांवर उभं राहत नाही. खालच्या कोपऱ्यातलं चोपण तर उघडंबोडकं पडलं. तिथली जमीन खारवट, वर पांढरा थर, पाऊस पडला की पाणी मुरत नाही, नुसतं चिकटून राहतं. त्या मंगळवारी सारजाबाई पिवळ्या पातींकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग सुजलेल्या पायांत वहाणा कोंबून जुन्नरची गाडी धरली.

दवाखान्यात डॉक्टर नव्हते, तासाभरात येणार होते. जहाँआरा होती. ही तिथली जुनी कर्मचारी. डॉक्टरांच्या हाताखाली बारा वर्षं काढलेली, चाळिशीची, चष्मा नाकावर घसरलेला. वडील गावाच्या कडेला बकऱ्यांची कातडी खारवून विकत. ती कागद फाडावा तसं बोलायची.

तिनं पट्टा बांधला. एकशे अठ्ठ्याण्णव.

"मावशी, गोळ्या खाता का चुलीत घालता?"

"खाती की. एक बी चुकली न्हाई."

"मग मीठ खात असाल."

"न्हाई बाई. मीठ सोडलं. भाजलेलं खाती." आणि सारजाबाईंनी मोठ्या अभिमानानं कनवटीची डबी काढून टेबलावर ठेवली.

जहाँआरानं डबी उघडली, बोट लावलं, जिभेवर टेकवलं.

"हे मीठच आहे."

"भाजलेलंय!"

"भाजलं म्हणून काय झालं? दगड भाजला तर भाकरी होती का त्याची?"

"त्याचा जोर जातो म्हणं."

"कोण म्हणं? मीठ भाजलं की त्यातला ओलसरपणा जातो, मावशी. मीठ तिथंच राहतं. उलट जास्त कोरडं, जास्त चोख. दिवसाला किती खाता?"

सारजाबाईंनी बोटांनी दाखवलं. आमटीत एवढं, भाकरीवर एवढं, ताकात एवढं, भाजीत एवढं. आणि बांगडा. जहाँआरा ते आकारमान बघत होती. तिनं टेबलावरचा औषधाचा चमचा उचलला.

"हा चमचा. सपाट. दिवसभराचं सगळं मिळून एवढं पुरं. तुम्ही चार खाता. बांगडा वेगळा."

"पर मिठाचा आन् बीपीचा काय समंध गं? बीपी तर रागाचा असतो."

जहाँआरा हसली नाही. "आमच्या अब्बांकडं या कधी. ताज्या कातड्यावर मीठ पसरतात. सकाळी बघा, कातड्याखाली पाण्याचं डबकं. कुणी पाणी टाकलेलं नसतं. मीठ पाण्याला ओढून आणतं. जिथं मीठ, तिथं पाणी. अंगातबी तसंच. मीठ जास्त झालं की रक्त पाणी धरून ठेवतं. लघवीवाटं जायचं ते जात नाही. वर तहान लागती, तुम्ही आणखी पिता. शिरा तर तेवढ्याच. मग काय होईल?"

सारजाबाईंनी उत्तर द्यायला एक क्षणही घेतला नाही. त्यांनी वीस वर्षं दारं धरली होती.

"पाइपावर लोड येईल."

"आलं ना ध्यानात?"

"जॉइंट फुटंल."

"फुटतो. डोक्यातला फुटला की लकवा." जहाँआरानं त्यांच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला. "हे बघा, साठलंय. लोक पाणी कमी करतात, त्यानं काय उपयोग? पाणी धरून ठेवणारा आत बसलाय. आधी त्याला काढा."

"आमच्या चोपणावानी," सारजाबाई हळूच म्हणाल्या. "वर पांढरं फुटतं आन् खाली पाणी चिकटून बसतं."

"अगदी."

"आन् राग?"

"राग आला की वर चढतो. मान्य. पण राग गेला की तासाभरात उतरतो. माणूस काय चोवीस तास, वर्षभर चिडंल? मीठ मात्र तिन्ही त्रिकाळ चिडून बसलेलं असतं." तिनं डबीचं झाकण लावलं. "घराण्याचंबी असतं काहींचं, वयाचंबी असतं. पण तुमचं आधी हे. तुम्हाला रागाचं कुणी सांगितलं एवढं?"

सारजाबाईंनी डबी पुन्हा हातात घेतली. मग त्या बोलल्या, आणि आवाज असा होता की जहाँआरानं चष्मा वर केला.

"आमच्या मालकास्नी लकवा झाला व्हता. चौऱ्याण्णवला. त्यास्नी बी खारा बांगडा लई आवडायचा. मी रोज भाजायची. आमटी अळणी लागली की ते बोलायचे न्हाईत, नुसतं ताट सरकवायचे. मग मी वरून घालायची."

जहाँआरानं पट्टा गुंडाळायला घेतला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि खरं बोलायची ती वेळ नव्हती.

"सात वर्सं," सारजाबाई म्हणाल्या. "सात वर्सं लोक म्हणत्यात माज्या तोंडानं गेला. मी मानलं. तोंड शिवून बसले. आन् हात? हाताला कुणी काय म्हणलंच न्हाई. कुणी सांगितलं असतं तर हात आवरला असता मी! तोंड आवरलं, तसा हात आवरला असता!"

शेवटचं वाक्य बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनीही ऐकलं. एक म्हातारा उठून दुसऱ्या बाकावर बसला.

डॉक्टर आले. त्यांनी डबी बघितली, कपाळाला हात लावला आणि सव्वा वर्षापूर्वी सांगितलेल्या तीन गोष्टी पुन्हा सांगितल्या. गोळी बदलली. एक लघवीची गोळी दिली, साठलेलं मीठ-पाणी बाहेर काढणारी. ती सकाळीच घ्यायची, महिन्यानं रक्त तपासायचं आणि कुणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही. "आणि चिडचिड," ते सवयीनं म्हणाले आणि सारजाबाईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. "ते राहू द्या."

परतीच्या गाडीत सारजाबाईंनी डबी हातात धरली होती. आपल्या स्टॉपवर उतरल्या. रस्त्याच्या कडेला डबी उघडून त्या बांधाकडे हात नेणार, तोच थांबल्या. "जमिनीत मीठ टाकाय मी काय धर्माजी हाय?" असं मोठ्यानं म्हणाल्या आणि डबी डांबरी रस्त्यावर उपडी केली. हे कंडक्टरनं मागच्या काचेतून पाहिलं. तो अजून सांगतो.

दुपार झाली होती. विहिरीवर मोटार घरघरत होती. तो मंगळवार जुन्या फेऱ्याप्रमाणे त्यांचा तिसरा दिवस. धर्माजी बाभळीखाली बसून तंबाखू मळत होते. सारजाबाई सरळ स्टार्टरच्या पेटीशी गेल्या आणि लाल बटण दाबलं. मोटार थांबली. इतकी शांतता झाली की गवतावरच्या टोळांचा आवाज ऐकू आला.

"वैनी, अवो..."

"आज माजा तिसरा दिस."

"वैनी, शांत व्हा, बी..."

"म्हणा! म्हणा की पुरतं! बीपी! वाढू दे माजा बीपी! एकशे अठ्ठ्याण्णव हाय, दोनशे करते आन् मग बोलते!" सव्वा वर्षाचं साठलेलं होतं. दारं उघडल्यावर पाटात पाणी जसं आधी काडीकचरा घेऊन येतं तसं आधी किरकोळ आलं : कोंबडी, कॅसेट, तुटलेलं कुंपण. मग मोठं आलं. "एक दिस नेला, मी राम म्हणलं. दोन दिस नेलं, मी राम म्हणलं. कांदा जळला माजा! सासऱ्यानं तुमच्या हातावर हात ठिवला व्हता, त्यो हात कुठं पुसला, भाऊजी? टमाट्याला? डॉक्टरनं चार गोष्टी सांगितल्या, तुमी एकच आणली घरी! जी तुमच्या कामाची तेवढीच!"

लोक जमले. भागूबाई धावत आली. "आक्का, काय झालं? मीठ भाजलं नव्हतं का नीट?"

"भागे, तुजी आई मिठानंच गेली!" सारजाबाई गरजल्या. हे वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झालेलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांचा पुराव्याचा मूड नव्हता.

सयाजीमामा काठी टेकत आले. एवढ्या वर्षांत त्यांना पाळ्यांविषयी कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं.

"मामा, तुमी उशाशी व्हता. बोला. चार-चार का न्हाई?"

मामांनी धर्माजींकडे बघितलं, मग सारजाबाईंकडे. दोघांपैकी कोण जास्त धोक्याचं, याचा त्यांनी विचार केलेला दिसला. "चार-चारच. म्या कानानं ऐकलं."

"मग वरीसभर कुठं गेला व्हता तुमचा कान?"

"अगं, तुजा बीपी..."

"माजा बीपी माज्या दंडात हाय, मामा! तुमच्या तोंडात कशाला ठिवता?"

धर्माजींचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते बोलणार एवढ्यात भागूबाईनं सवयीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अवो, बीपी." ती नवऱ्याला म्हणत होती. तिला खरोखरच काळजी वाटली होती. धर्माजी बसले. घरात भाजलेलं मीठ तेही खात होतेच.

पंचायत वगैरे बसली नाही. सारजाबाईंनी कनवटीला आता डबीऐवजी किल्ली लावली. स्टार्टरच्या पेटीला कुलूप पडलं. चार दिवस किल्ली त्यांच्याकडे, चार दिवस धर्माजींकडे. किल्ली द्यायच्या वेळी मधे सयाजीमामा उभे राहत. आपला कान शाबूत आहे हे दाखवण्याची ती शिक्षा होती.

त्या सालचा कांदा मात्र गेला. जे गेलं ते किल्लीनं परत येत नाही. अर्धी वाढ झालेला माल त्यांनी ओतूरच्या बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला घातला आणि घरी येऊन चार दिवस सगळ्यांवर चिडल्या.

त्याहून अवघड होतं ते अळणी जेवण. पहिले पंधरा दिवस प्रत्येक घासाला त्या तव्याकडे बघत. मग लसूण, लिंबू, कोकम यांवर जीभ हळूहळू रुळली. सूज उतरली. तहान गेली. भाऊ मढहून बांगडा घेऊन आला तेव्हा त्यांनी तो पिशवीसकट परत पाठवला. महिनाभर भाऊ बोलला नाही. तीन महिन्यांनी जहाँआरानं पट्टा बांधला. एकशे बेचाळीस-नव्वद.

"भांडणं चालू आहेत का, मावशी?"

"रोजची."

जहाँआरानं वहीत आकडा लिहिला. भांडणांसाठी वहीत रकाना नव्हता.

गावात गुरुजी पुन्हा सहा दिवस येऊ लागले. रॉकेल सापडलं. लोकांनी पुन्हा म्हणायला सुरुवात केली की बाई लई तोंडाळ. सारजाबाई कधीकधी चुलीपुढं बसून आमटी चाखत, ओगराळं हातात तसंच राहायचं. एकदा भागूबाईनं विचारलं, काय बघताय आक्का? तर म्हणाल्या, "अशी करायला पायजे व्हती. त्यांनी ताट सरकवलं असतं तर सरकवू द्यायचं व्हतं." आणि मग भागूबाईवर उगीचच ओरडल्या. भागूबाई ऐकून घेऊन गेली. तीही आता मीठ भाजत नसे.

पुढच्या हिवाळ्यात नवा कांदा लावला. फेऱ्याचा चौथा दिवस. सकाळचं ऊन लेण्याद्रीच्या कड्यावर आलं होतं, सारजाबाई गुडघाभर चिखलात दारं धरत होत्या, शेवटच्या तीन वाफ्यांना पाणी लागायचं होतं. धर्माजी बांधावर येऊन उभे राहिले. हातात फवाऱ्याचा पंप. त्यांना घाई होती, हे दिसत होतं.

"वैनी..."

सारजाबाईंनी कमरेवर हात ठेवला, खोरं चिखलात रोवलं आणि पुढच्या शब्दाची वाट बघत उभ्या राहिल्या.

धर्माजींनी तोंड उघडलं, मिटलं. विहिरीकडं बघितलं.

"पाणी झालं की निरोप द्या," ते म्हणाले आणि गेले.